स्टीम डेकवर व्हीआर: माझा अनुभव

स्टीम डेक म्हणजे हातात धरून खेळायचा छोटा संगणक. त्यावरचे व्हीआर (आभासी जगातले) खेळ क्वेस्ट २ या डोळ्यांवर लावायच्या हेडसेटमध्ये बघायचे, असं मी ठरवलं. जोडाजोडीला हात घालण्याआधी मी आकडेमोड केली. मूळच्या (एलसीडी) स्टीम डेकचा पडदा १२८० बाय ८००, म्हणजे जेमतेम १० लाख पिक्सेल, सेकंदाला ६० वेळा. क्वेस्ट २ ला दोन्ही डोळ्यांचे मिळून (१८३२ बाय १९२० प्रत्येकी) ७० लाख लागतात, तेही ७२ वेळा. काम आठपट वाढलं, चिप मात्र तीच, १५ वॉटची.

कन्सोलच डोळ्यांसमोर धरायचा मार्गही आहे. निन्टेंडोच्या स्विच कन्सोलसाठी २०१९ मध्ये पुठ्ठ्याचं लाबो व्हीआर किट आलं होतं. पण ७२०पी (१२८० बाय ७२०) पडदा मधोमध वाटला की एका डोळ्याच्या वाट्याला ६४० बाय ७२० येतं, आणि पिक्सेलची जाळी दिसते. शिवाय जायरोला (वळण ओळखणाऱ्या सेन्सरला) फक्त मान वळलेली कळते. पुढे वाकलात तर सगळं दृश्यच तुमच्याबरोबर सरकतं. म्हणून खेळ चालवायला डेक आणि बघायला हेडसेट, अशी विभागणी मी केली.

डेकच्या डेस्कटॉप मोडमध्ये (साध्या संगणकासारख्या पडद्यावर) आधी युजर सेटिंगमधून पासवर्ड घालून घ्या. डेकवर तो मुळात नसतो, आणि स्टीमव्हीआर (व्हीआर खेळ चालवणारं सॉफ्टवेअर) पहिल्यांदा सुरू होताना अ‍ॅडमिनची परवानगी मागतं. तिथेच गाडी अडते. स्टीमव्हीआर एकदा चालवून बंद केलं, मग एएलव्हीआरचा (खेळाचं चित्र वाय-फायवरून हेडसेटला पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) लाँचर होम फोल्डरमध्ये उघडला. सिस्टिमचा भाग रीड-ओन्ली (बदल करू न देणारा) असला तरी होममध्ये अडचण येत नाही. एएलव्हीआरची डेकवरची आणि हेडसेटमधली आवृत्ती एकच हवी, नाहीतर जोडणी होत नाही.

डेक डॉकमधून (तारा जोडायच्या स्टँडमधून) इथरनेटच्या तारेने राउटरला लावा, ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर फक्त हेडसेट ठेवा. दोघंही वाय-फायवर असले की तोच व्हिडिओ हवेतून दोनदा जातो आणि चित्र अडखळतं.

खरी कसरत सेटिंगची. ७२ हर्ट्झला (सेकंदाला ७२ चित्रं) एका फ्रेमसाठी, म्हणजे एका चित्रासाठी, १३.९ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात फ्रेम आली नाही तर हेडसेट जुनीच फ्रेम मानेच्या हालचालीनुसार फिरवून दाखवतो. मान वळवताना ते खपून जातं, पण खेळातले हात झटके देतात. मी लांबी-रुंदी दोन्ही निम्मी केली: डोळ्याला ९१६ बाय ९६०. तरीही काम डेकच्या स्वतःच्या पडद्याच्या दुप्पट होतं! चित्र थोडं पुसट दिसतं, बारीक अक्षरं वाचवत नाहीत. ते चालवून घ्यावं लागतं. कोडेक (व्हिडिओ दाबून पाठवायची पद्धत) एचईव्हीसी ठेवला, कारण एव्ही१ या दुसऱ्या पद्धतीत एन्कोड करायची सोय या चिपमध्ये नाही. फोव्हिएटेड एन्कोडिंग (चित्राच्या कडा कमी बारकाव्याने पाठवणं) चालू केलं की पाठवायचा व्हिडिओ हलका होतो, पण खेळाचा भार तसूभरही उतरत नाही. फ्रेम चुकत असतील तर ते वाढवत बसू नका, सरळ रिझोल्यूशन उतरवा.

प्रोसेसर आणि ग्राफिक्सला तेच १५ वॉट वाटून घ्यावे लागतात. त्यामुळे खेळात शत्रूंची गर्दी झाली की प्रोसेसर जास्त ओढतो आणि ग्राफिक्सचा वेग घसरतो. बीट सेबरसारख्या मोकळ्या दृश्यांच्या खेळांना माझ्या मते हे पुरतं. हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्सचा विचार सोडा: त्याला किमान ६ जीबीचं जीटीएक्स १०६० हे ग्राफिक्स कार्ड लागतं, आणि डेकची ग्राफिक्स ताकद त्याच्या निम्मीही नाही. डॉकला ४५ वॉटचा चार्जर लावलेलाच ठेवा, आणि डेकच्या वरच्या कडेची गरम हवेची जाळी मोकळी राहू द्या.