आकृत्या कुठे शिकलात?

सेमिनार संपला की चहाच्या वेळी कुणीतरी हमखास विचारतं, "सर, या आकृत्या नागपुरातून करून घेता का? क्लास कुठं लावला होता?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. क्लास लावला नाही. निम्मं शिकलो ते तालुक्यातल्या फ्लेक्सच्या दुकानात.

माझं काम कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीवर. डोमकळीपासून (अळीमुळे न उमललेल्या फुलापासून) किडक्या बोंडापर्यंतची रेखाचित्रं आणि मादीच्या गंधानं नर पतंगांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यांत सापडलेल्या पतंगांचे आलेख, एवढाच माझा पसारा. त्याला इंकस्केप हे रेघांची चित्रं काढायचं सॉफ्टवेअर पुरतं. फुकट आहे आणि एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही. आमच्याकडे हा गुण फार मोठा.

फ्लेक्सवाला भाऊ कोरलड्रॉमध्ये दिवसभर वाढदिवसाचे बॅनर करतो. सॉफ्टवेअर वेगळं, पण रेघ तीच, बेझिए वक्राची, म्हणजे नोड नावाच्या मोजक्या बिंदूंनी वळवता येणारी. रेनो कंपनीतल्या पिएर बेझिए यांनी ती मोटारींच्या पत्र्याचे आकार काढायला वापरली, म्हणून हे नाव. भाऊला बेझिए ठाऊक नाही, पण त्याचा नियम पक्का: "सर, वळण बदलते तिथंच नोड द्या. बाकीचे कायले पायजेत?" अळीची पाठ दोन-तीन नोडांत अशी गुळगुळीत येते की पाहत राहावं. म्हणूनच फोटोवरून आपोआप रेघा काढणारी 'ट्रेस'ची सोय मला आवडत नाही. ती नोडांचा नुसता सडा घालते.

शेतकरी मेळाव्यासाठी तीच आकृती मराठी नावं घालून बॅनरवर जाते आणि एवढी मोठी केली तरी रेघा कुठंही फाटत नाहीत. फक्त दुकानात देण्याआधी अक्षरांचं पाथमध्ये, म्हणजे नुसत्या रेघांच्या आकारांत, रूपांतर करा, नाहीतर त्याच्या संगणकावर फाँट नसला की जोडाक्षरं तुटतात. मूळ फाइल वेगळी ठेवा. पाथ झालेला मजकूर पुन्हा टाइप करून सुधारता येत नाही.

मापाचं मात्र भाऊकडून शिकता येत नाही. त्याचा हिशेब फुटांत, नियतकालिकाचा स्तंभ जेमतेम ९० मिलिमीटरचा. म्हणून पहिली रेघ ओढण्याआधी पानाची रुंदी तेवढी करून घ्या आणि अक्षरं ७ पॉइंटच्या आसपास ठेवा. मोठं काढून मग लहान केलं की अक्षरंही बारीक होतात. सलग ३ रात्री, दर रात्री सापळ्यामागे ८ पतंग ही फवारणीची पातळी मी आलेखावर तुटक रेघेनं दाखवतो. ती छपाईत दिसलीच नाही तर आलेखाला अर्थ काय? रंग निळा आणि नारिंगी. लाल-हिरव्यातला फरक ज्यांना दिसत नाही असे वाचक आपल्याला वाटतात त्यापेक्षा जास्त असतात.

सूक्ष्मदर्शकातला फोटो एसव्हीजीत (इंकस्केपच्या रेघांच्या फाइलीत) ठेवला तरी फोटोच राहतो, तो मुळातच ३०० डीपीआयचा, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांचा हवा. आलेख 'आर' या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमधून आणणार असाल तर एसव्हीजीलाइट पॅकेज घ्या. साध्या मार्गानं आणलेल्या फाइलीत अक्षरांचे नुसते आकार येतात, आणि 'पतंग/सापळा' एवढं दुरुस्त करायलाही आलेख पुन्हा काढावा लागतो.