स्टॉकहोम: गोड मासा, नवसागर आणि मंगळवारची गाणी

स्वीडनला जाऊन आलेल्या आपल्या लोकांच्या दोन तक्रारी ठरलेल्या असतात. जेवणाला चव नाही, आणि गाणी सगळी एकाच साच्यातली, साखरेत घोळवलेली. आमच्याकडे तर व्हिसा हातात पडायच्या आधीपासून यावर हशा पिकत होता. जुलैमध्ये धाकट्या बहिणीकडे स्टॉकहोमला राहून, पोटभर खाऊन आणि मनसोक्त ऐकून आल्यावर माझं मत असं झालंय की पहिली तक्रार अर्धीच खरी आहे, आणि दुसरी करणाऱ्यांनी तिथलं गाणं जिथे ऐकायला हवं तिथे ऐकलेलंच नाही.

आधी जेवण. तिखट नसतं हे आपण धरूनच चालतो, धक्का बसतो तो गोडाचा. मीटबॉलसोबत लिंगनबेरीचा जॅम. पावात काकवीसारखा पाक. आणि हेरिंग मासा चक्क साखर-व्हिनेगरमध्ये मुरवलेला. माझा नवरा मालवणचा, त्याच्या दृष्टीने माशात साखर म्हणजे गुन्हाच. पहिला तुकडा त्याने नुसता उचलून तोंडात टाकला आणि गप्प बसला. बहीण म्हणाली, "भाऊजी, तो एकटा खायचाच नसतो." मग तिने एक घास लावून दिला: उकडलेल्या नव्या बटाट्याची गरम फोड, त्यावर हेरिंगचा थंडगार, मऊ तुकडा, चमचाभर आंबट साय, वर बारीक चिरलेली हिरवी चाइव्ह, आणि सोबत राय नावाच्या धान्याच्या कडक, कुरकुरीत पावाचा तुकडा. गरम, गार, आंबट, गोड, खारट सगळं एकदम. त्यानंतर त्याने मोहरीच्या सॉसमधलं हेरिंग स्वतःहून मागून घेतलं. बुफेच्या मोठ्या जेवणात, म्हणजे स्मोरगोसबोर्डमध्ये, क्रमही पाळा. पहिल्या ताटात फक्त हेरिंग, मग दुसरे थंड मासे, मग थंड मांसाचे प्रकार, मग गरम पदार्थ, शेवटी गोड. दर फेरीला नवी ताटली घ्यायची असते. आपण लग्नातल्यासारखं एकाच ताटात सगळं वाढून घेतलं, की सगळ्याची चव एकमेकांत मिसळते आणि मग चव नाही म्हणून ओरड सुरू होते.

पैशांचं गणित सांगते. आम्ही गेलो तेव्हा एक क्रोना, म्हणजे तिथलं चलन, साधारण आठ-नऊ रुपये होता. जुन्या शहरात, गामला स्तानमध्ये, रात्रीचं जेवण महाग पडतं आणि बऱ्याच ठिकाणी ते पर्यटकांसाठीच बनवलेलं असतं. त्यापेक्षा मुख्य जेवण दुपारी घ्या. सोमवार ते शुक्रवार, साधारण 11 ते 2 या वेळात बहुतेक रेस्टॉरंटच्या दाराशी 'दागेन्स लुंच', म्हणजे आजचं दुपारचं जेवण, अशी पाटी दिसते. सव्वाशे-दीडशे क्रोनात एक गरम पदार्थ, सॅलड, पाव-लोणी आणि बहुधा कॉफीही. ऑफिसातले लोक हेच खातात, त्यामुळे अन्न ताजं असतं. गुरुवारी गेलात तर पिवळ्या वाटाण्याचं दाट सूप आणि नंतर जॅम लावलेले पॅनकेक मिळतील. गुरुवारचा हा बेत तिथे फार जुना आहे. शाकाहारी मंडळींनी मात्र विचारल्याशिवाय चमचा बुडवू नये, त्या सूपमध्ये बहुतेक वेळा डुकराचं मांस असतं. 'यान्सनचा मोह' नावाचा बटाटा-सायीचा भाजलेला पदार्थ दिसायला अगदी निरुपद्रवी, पण आत लहान खारवलेले मासे असतात. सासूबाई पूर्ण शाकाहारी, आणि त्यांचं कुठेही अडलं नाही. शाकाहारी पर्याय जवळपास सगळीकडे असतो, फलाफल तर कोपऱ्याकोपऱ्यावर. नळाचं पाणी उत्तम आणि फुकट. बाटल्या विकत घेऊ नका.

ज्या तक्रारीवर मी ठाम आहे ती पिझ्झ्याची. केळं आणि करी पावडर घातलेला पिझ्झा स्वीडनमध्ये खरोखर आवडीने खाल्ला जातो. मुलाने हट्टाने मागवला, आम्ही सगळ्यांनी खाल्ला. चीज वितळून केळ्याच्या चकत्यांवर ओघळलेलं, त्यावर पिवळी पूड, आणि त्या पुडीला हळद-मेथीचा कच्चा वास. फोडणी न मिळालेला मसाला कसा लागतो हे आपल्याला सांगायला नको. तो नका मागवू. सोबत येणारं व्हिनेगरमधलं कोबीचं सॅलड मात्र आम्ही दोनदा मागून घेतलं.

आता नवसागराची गोष्ट. स्वीडनमध्ये शनिवारी मुलांना सुटी मिठाई घेऊन द्यायची पद्धत आहे. दुकानात खणाखणातून गोळ्या काढायच्या आणि वजनावर पैसे द्यायचे. त्यात काळ्या रंगाच्या ज्येष्ठमधाच्या गोळ्या असतात, वर पांढरी पूड भुरभुरलेली. सासूबाईंनी एक तोंडात ठेवली. डोळे मिटले, मान हलवली आणि म्हणाल्या, "अगं, हा तर कल्हईवाल्याचा नवसागर!" बहिणीने फोनवर शोधून पाहिलं तर खरंच अमोनियम क्लोराइड. पितळेची भांडी तापवून, नवसागर टाकून, कापसाच्या बोळ्याने कथील फिरवताना उठणारा तो पांढरा, नाकात जाणारा धूर ज्यांना आठवतो, त्यांना ही चव लगेच ओळखू येईल. आधी जिभेला झणका, मग खारट, आणि शेवटी ज्येष्ठमधाचा गोडवा. मला ती आवडली नाही, सासूबाईंना आवडली. त्यांनी पाव किलो घेतली. रक्तदाबाचा त्रास असेल तर मात्र ज्येष्ठमध बेतानेच खा.

कुजवलेल्या हेरिंगच्या डब्याबद्दल, म्हणजे सुरस्त्रोमिंगबद्दल, प्रत्येकजण विचारतो. त्याचा हंगाम ऑगस्टच्या तिसऱ्या गुरुवारी सुरू होतो, तो उघड्यावर बसून खातात आणि शहरातल्या साध्या रेस्टॉरंटमध्ये तुमच्या ताटात चुकून येत नाही. डबा फुगलेला असतो. भाड्याच्या घरात उघडू नका आणि भेट म्हणून विमानातही आणू नका. काही विमान कंपन्यांनी 2006 मध्ये त्यावर बंदीच घातली होती. एका डब्याच्या वासावरून अख्ख्या देशाच्या स्वयंपाकाची टिंगल करणाऱ्यांनी आधी तिथला वेलदोड्याचा बन खावा. वेलदोडा जाडसर कुटलेला, काळे कण पिठात स्पष्ट दिसणारे, वर साखर. वेलदोड्याला इतका मान देणारी बेकरी मला आपल्याकडेही सापडलेली नाही.

मासे आणि पॉप यांचा एक खराखुरा धागा आहे. आब्बा हे प्रसिद्ध स्वीडिश पॉप बँडचं नाव व्हायच्या कितीतरी आधी स्वीडनमधल्या एका मासळीच्या कंपनीचं नाव होतं, आणि बँडने ते कंपनीच्या संमतीने वापरलं. दुकानात आजही त्या नावाच्या हेरिंगच्या बरण्या मिळतात. त्याच कंपनीची कॉड माशाच्या गाबोळीची निळी ट्यूब 1954 पासून घराघरात आहे. उकडलेल्या अंड्यावर पिळून खा. घरी आणायची असेल तर मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेतून सुरक्षा तपासणीत काढून घेतील.

आब्बाचं संग्रहालय युर्गोर्डन बेटावर आहे, 2013 मध्ये उघडलेलं. वेळ ठरवून ऑनलाइन तिकीट काढा, रोख रक्कम चालत नाही. कपडे, पोस्टर, ध्वनिमुद्रणाची खोली हे सगळं आहेच, पण माझं लक्ष एका लाल टेलिफोनवर खिळलं. त्याचा नंबर फक्त बँडच्या चौघांकडे आहे, आणि तो वाजला तर जो जवळ असेल त्याने उचलायचा.

स्वीडिश पॉप म्हणजे फक्त आब्बा नव्हे, हे आमच्या पिढीला कळायला हवं. आम्ही कॉलेजच्या गॅदरिंगला ज्या अमेरिकन बँडच्या गाण्यांवर नाचलो, त्यातली कित्येक स्टॉकहोमच्या कुंग्सहोल्मेन बेटावरच्या चेरॉन स्टुडिओत घडली. ब्रिटनी स्पीअर्सचं 1998 चं पहिलं गाणं आणि बॅकस्ट्रीट बॉइजची मोठी गाणी तिथल्याच मॅक्स मार्टिन या गीतकार-निर्मात्याच्या हातची. स्टुडिओ 2000 मध्ये बंद झाला. मार्टिनने आपल्या यशाचं श्रेय सरकारी संगीत शिक्षणाला दिलं आहे. तिथे गावोगावी नगरपालिकेच्या संगीत शाळा आहेत, पोरांच्या हातात लहानपणीच वाद्य येतं. मला या सहलीत सगळ्यात जास्त हेवा वाटला तो याचा.

गाण्यांवरची चेष्टा तिथलेही करतात. शेवटच्या कडव्याआधी पट्टी हमखास वर चढते, आणि आम्ही गाडीत रेडिओ लावून "आता चढणार" असा अंदाज बांधत बसायचो. बहुतेक वेळा चढायचीच. पण युर्गोर्डनवरच्याच स्कान्सेन या खुल्या संग्रहालयाच्या मैदानावर मंगळवारी संध्याकाळी तीच चढलेली पट्टी हजारो लोकांच्या गळ्यातून ऐकली आणि मला रडू आलं. 'आल्सोंग' म्हणजे सगळ्यांनी मिळून गायचं. 1935 पासून हा कार्यक्रम चालू आहे, 1979 पासून टीव्हीवर दाखवतात. शब्दांची पुस्तिका हातात येते. माझ्या बाजूला सत्तरीच्या आजी, पुढे बापाच्या खांद्यावर बसलेली चिमुरडी, दोघींनाही शब्द पाठ. भाषा येत नाही म्हणून मागे राहू नका. शब्द येणाऱ्यांनी पूर्ण ओळ म्हणायची आणि न येणाऱ्यांनी शेवटचं अक्षर जोरात धरायचं, हे आपल्याला आरतीमुळे येतंच.

हे मंगळवार जूनच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतच असतात, थेट प्रक्षेपण रात्री 8 वाजता. प्रवेशाचे नियम आधी स्कान्सेनच्या संकेतस्थळावर पाहून घ्या आणि दुपारीच आत जा, जुनी लाकडी घरं आणि अस्वलं बघण्यात वेळ छान जातो. जायला मध्यवर्ती स्थानकाजवळून 7 क्रमांकाची ट्राम, किंवा स्लुसेनच्या धक्क्यावरून बोट. बोटीला बस-मेट्रोचंच तिकीट चालतं. छत्रीऐवजी रेनकोट घ्या, मागच्यांना दिसत नाही. जुलैत उजेड दहापर्यंत असतो पण गारठा पडतो, ज्येष्ठांसाठी स्वेटर हवाच. जूनमध्ये जाणार असाल तर मिडसमरचा, म्हणजे त्यांच्या भर उन्हाळ्यातल्या सणाचा, शुक्रवार टाळा किंवा आदल्या दिवशी किराणा भरून ठेवा. तो 19 ते 25 जूनच्या दरम्यान येतो, आणि त्या दिवशी शहर ओस पडून बरीच दुकानं बंद असतात.