चादरवर पायात काय घालावं: स्प्रिंगवाल्या जाळीच्या नादी लागू नका

चादरला, म्हणजे लडाखमध्ये हिवाळ्यात गोठलेल्या झंस्कार नदीवरून चालायच्या ट्रेकला जाताय आणि लेहच्या बाजारात कुणी 'क्रॅम्पॉन' (बर्फावर पकड मिळावी म्हणून बुटाखाली बांधायचे दाते) म्हणून काही हातात ठेवलं, तर पैसे देण्याआधी ते उलटं करून बघा. खाली टोकं दिसलीच पाहिजेत. मला भाड्याने मिळाली ती रबराची जाळी आणि तिच्यावर गुंडाळलेली तारेची स्प्रिंग. दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं, "चादरवर सगळे हेच घालतात." प्रत्यक्षात आमच्या आगेमागे चालणाऱ्या एकाच्याही पायात ती नव्हती. भाडं मात्र चांगल्या मायक्रोस्पाइक्सइतकं (बुटावर चढवायची, छोट्या पोलादी टोकांची साखळी) घेतलं आणि परत दिल्यावर एक तार सुटली म्हणून अनामत रक्कमही कापली. ज्या वस्तूने पहिल्या काचेसारख्या बर्फावरच मान टाकली, तिचे असे पैसे घेणं ही सरळसरळ लूट आहे. त्यात जीवाशी गाठ, म्हणून सविस्तर लिहितोय.

लेहमधला सक्तीचा मुक्काम, वैद्यकीय तपासणी, चिलिंगच्या पुढे गाडीने जाणं, हे सगळं व्यवस्थित झालं. सुरुवातीची चाल तर सोपीच. बर्फाच्या थरावर भुरभुरीत हिम पडलेलं असतं, साधा गमबूटही त्यावर धरतो. तिथे चालून 'यात काय अवघड' असं वाटतं, आणि तिथेच फसगत होते.

टिब्बचा मुक्काम सोडून नेरककडे निघालं की घळ अरुंद होते. एका वळणावर वाऱ्याने वरचं सगळं हिम झाडून नेलेलं. खाली उघडा, हिरवट निळा बर्फ. त्यात अडकलेले पांढरे बुडबुडे दिसत होते आणि त्याखालून वाहणाऱ्या झंस्कारचा आवाज येत होता. डावीकडे कडा, उजवीकडे बर्फाची कड तुटून उघडं पडलेलं पाणी. चालायला जागा जेमतेम दोन माणसांची, आणि तीही पाण्याच्या बाजूला किंचित कललेली. स्प्रिंगची गोल तार दाबलेल्या हिमात रुतते, तिथे तिचा उपयोग आहे. टणक बर्फात ती रुतत नाही, नुसती घरंगळते. म्हणजे बुटाचं रबर बर्फाला टेकत नाही आणि तारही धरत नाही. साध्या बुटापेक्षा वाईट अवस्था. मी कोपरावर आपटलो, पाण्याच्या बाजूला सरकत गेलो आणि मागच्याने सॅकचा पट्टा धरला म्हणून थांबलो. जाळ्या काढून सॅकमध्ये टाकल्या आणि उरलेला टप्पा नुसत्या गमबुटावर, पाय घासत पार केला.

आमचा झंस्कारी पोर्टर त्याच जागेवरून साध्या गमबुटात सामानाची घसरगाडी ओढत गेला. त्याचे पाय बघण्यासारखे होते. तो पाऊल उचलतच नव्हता. गुडघे जरा वाकलेले, वजन पुढच्या पायावर, तळवा पूर्ण सपाट ठेवून पुढे सरकवायचा. टाच आधी टेकली की पडलातच. हात खिशात तर मुळीच नकोत. हे लेहमध्येच एखाद्या गोठलेल्या जागेवर घोटून घ्या, टिब्बच्या पुढे शिकायला सवड नसते.

बर्फ दिवसभर सारखा नसतो. पहाटे पारा उणे 20 च्या आसपास असतो तेव्हा तो कोरडा असतो आणि रबर थोडंफार धरतं. उन्हाची तिरीप पडली, तापमान शून्याकडे सरकलं की वर पाण्याचा पातळ पापुद्रा येतो, आणि तेव्हा तो सगळ्यात निसरडा. अवघड वळणं शक्य तितकी सकाळी उरका.

आता काय घ्यायचं ते. साखळीवर पोलादी टोकं असलेले मायक्रोस्पाइक्स, टोकं साधारण 1 सेंटिमीटरची. टोकं टाचेखाली आणि चवड्याखाली, दोन्हीकडे हवीत. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माप गमबुटावर चढवून बघा. ट्रेकिंग शूजवर बरोबर बसणारा पट्टा गमबुटाच्या रुंद नाकावर ताणला जातो आणि चालताना टाचेवरून निसटतो. आमच्या गटात दोघांचं हेच झालं. घट्ट बसायला हवा, पण नुसता ताणून ताणून नव्हे. थंडीत ते रबर कडक होतं, म्हणून रात्री स्पाइक्स पिशवीत गुंडाळून स्लीपिंग बॅगच्या पायथ्याशी ठेवा. सकाळी बधिर बोटांनी कडक पट्टा चढवणं फार जिकिरीचं.

दहा-बारा लांब दात्यांचे खरे क्रॅम्पॉन नकोत. ते ताठ तळव्याच्या बुटांसाठी आणि चढाच्या बर्फासाठी असतात. वाकणाऱ्या गमबुटावर ते टिकत नाहीत, सपाटीवर दाते पॅन्टमध्ये अडकतात.

चादर तुटलेली असेल तिथे कड्यावरून वळसा घालावा लागतो. त्या खडकावर चढण्याआधी स्पाइक्स काढाच, कितीही कंटाळा आला तरी. खडकावर पोलाद सटकतं. आणि ताजं ओलसर हिम टोकांमध्ये गोळा होऊन बसलं की पकड शून्य. दर थोड्या वेळाने काठीने ठोकून ते पाडा.

'विंटर ग्रिप' लिहिलेल्या महागड्या बुटांवर विसंबू नका. 2016 मध्ये टोरोंटो रिहॅबिलिटेशन इन्स्टिट्यूटने 98 प्रकारचे हिवाळी बूट बर्फाच्या उतारावर तपासले होते, त्यातले सुमारे नव्वद टक्के अवघ्या 7 अंशांच्या उतारावर नापास झाले. शिवाय चादरवर बर्फाच्या वर पाणी चढतं, कधी घोट्याच्या वर. तिथे गमबूटच हवा. एक माप मोठा घ्या, आत जाड लोकरी मोजा आणि वेगळा उबदार तळ घाला. बोटं हलली पाहिजेत. आवळलेल्या पायाला हिमदंश लवकर होतो. गमबुटात घाम येतो, तेव्हा तंबूत शिरल्याबरोबर मोजे बदला.

भाड्याने घेणार असाल तर देताना आणि घेताना दोन्ही वेळा, दुकानदारासमोर, टोकं, साखळी आणि पट्ट्याचे फोटो काढा. अनामत रकमेची पावती हातात पडल्याशिवाय दुकानाबाहेर पडू नका. जमलं तर आपल्या गावातूनच विकत घेऊन जा.