२० तारखेनंतरचे दिवस

पहिल्या सेमिस्टरला माझे पैसे दर महिन्याच्या २० तारखेलाच संपायचे. पुढचे दहा-अकरा दिवस आईला फोन करू की नको, यातच जायचे. मागायचं जिवावर यायचं, कारण ती स्वतःच्या किती गोष्टी मागे ठेवून पाठवते ते मला माहीत होतं.

एका रात्री मोबाइलवरचे सगळे व्यवहार उघडून वहीत उतरवले. भाडं, जेवण, प्रवास हे ठरलेलंच होतं. घात केला होता तो बारीकसारीक रकमांनी. एका महिन्यात ४३ वेळा पैसे गेले होते आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त वेळा कशासाठी, ते मला आठवेना. फार वाईट वाटलं.

तेव्हापासून पैसे आले की आधी भाडं आणि प्रवासाचे बाजूला काढते. परीक्षा फी सहा महिन्यांनी एकदा येते, पण तिचा सहावा हिस्सा दर महिन्याला वेगळा ठेवते. उरलेल्याला ३० ने नाही, ३१ ने भागते आणि हाताशी फक्त ७ दिवसांचे ठेवते. आठवड्याचा हिशेब चुकला तर दोन-तीन दिवसांत सावरतो. महिन्याचा चुकला की सावरायला दिवसच उरत नाहीत.

मैत्रिणींना "या आठवड्यात नाही जमणार गं" म्हणणं सगळ्यात जड गेलं. एकीनं लगेच विचारलं, "मग रविवारी नुसतं चालायला जाऊया का?" तीन तास चाललो. वहीत त्या तारखेसमोर शून्य लिहिलंय.