तुम्ही विचारलंत म्हणून: जहाज इटलीतल्या जेनोवाला दिवसभर थांबतं, तेवढ्यात काय बघायचं?

भूमध्य समुद्रातल्या क्रूझचं बुकिंग झालं की ओळखीतलं कुणी ना कुणी हे विचारतंच. मी मिलानला राहते, जेनोवाला येणंजाणं असतं, म्हणून प्रश्न माझ्याकडे येतो. वर पुस्तीही असते, "तिथे काही नाही म्हणे, सगळे बस करून पोर्तोफिनोला जातात." जाऊ देत. तुम्ही बोटीवरून उतरा आणि चालायला लागा.

हे शहर समजायला एकच गोष्ट ध्यानात ठेवा: इथे जागाच नाही. समोर समुद्र, पाठीला डोंगर, मधे चिंचोळी पट्टी. म्हणून जुन्या गावातली घरं मजल्यावर मजले चढवत वर गेली. मधल्या गल्ल्या, म्हणजे इथले कारुज्जी, काही ठिकाणी इतके अरुंद आहेत की समोरून कुणी छत्री उघडून आलं तर आपली मिटावी लागते.

सुरुवात जुन्या बंदरापासून करा. मूळच्या इथल्याच कोलंबसच्या सफरीला पाचशे वर्षं झाली तेव्हा, 1992 साली, रेंझो पियानो या जेनोवाच्याच वास्तुरचनाकाराने हा भाग नव्याने मांडला. मत्स्यालय मुलं बरोबर असतील तरच. त्यात अर्धा दिवस जातो. समोरचा रंगवलेल्या भिंतींचा सान जॉर्जो वाडा 1260चा. मार्को पोलो इथेच कैदेत होता असं सांगतात. पुढे 1407 मध्ये सुरू झालेल्या सान जॉर्जो बँकेचा कारभार याच इमारतीतून चालला. त्याच्या तोंडासमोरून 1965 साली उंचावरचा हमरस्ता काढायचं कुणाला सुचलं, देव जाणे.

तिथून पाच मिनिटांवर सान लोरेन्झो, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचं कॅथेड्रल. दर्शनी भिंतीवरच्या कोरीवकामात झोपलेलं एक इवलंसं कुत्रं आहे, ते शोधा. आत उजव्या बाजूला तोफेचा गोळा ठेवलाय. 9 फेब्रुवारी 1941 ला ब्रिटिश आरमाराने शहरावर मारा केला, तेव्हा असाच एक गोळा छप्पर फोडून आत पडला आणि फुटलाच नाही.

आता गल्ल्यांत शिरा. मोबाइलचा नकाशा इथे वेड्यासारखा फिरतो, त्याच्या नादी लागू नका. उतार लागला की बंदराकडे जाताय, चढ लागला की डोंगराकडे, एवढं पुरतं. पत्ता शोधताना मात्र एक खोच आहे. घरांचे क्रमांक काळे, दुकानांचे तांबडे, आणि दोन्हींची मोजणी वेगळी. त्यामुळे काळ्या 12 पाशी उभं राहून तांबडा 12 शोधत बसण्यात अर्थ नाही. अधूनमधून वर बघा. कोपऱ्याकोपऱ्यावर मेरीच्या देवळ्या आहेत, जुन्या दारांच्या माथ्यावर काळ्या पाटीच्या दगडात सेंट जॉर्ज ड्रॅगनला मारताना कोरलाय. काही गल्ल्यांत बायका गिऱ्हाइकांची वाट बघत उभ्या असतात. त्यांचे फोटो काढू नका, तुमच्या वाटेला कुणी जात नाही.

गल्ल्या संपता संपता अचानक व्हिया गारिबाल्दी लागते आणि माणूस चक्रावतो. सोळाव्या शतकात इथल्या सावकार घराण्यांनी ही सरळ गल्ली आखून दोन्ही बाजूंना वाडे बांधले. गंमत अशी की जेनोवाच्या प्रजासत्ताकाकडे राजवाडा नव्हता. परदेशी राजे-राजदूत आले की उतरवायचे कुठे? मग 1576 पासून सरकारने खाजगी वाड्यांच्या याद्या केल्या, त्यांना रोल्ली म्हणत. प्रतवारी लावलेली, आणि पाहुण्याच्या हुद्द्याप्रमाणे यजमान ठरायचा. म्हणजे सरकारी पाहुणचार सावकारांच्या घरी! यातले 42 वाडे 2006 पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. तुर्सी वाड्यात पागानिनी या नामांकित व्हायोलिनवादकाचं व्हायोलिन आहे. ते बघायचं नसेल तरी उघड्या दारांतून चौकात डोकावा. बाहेरून तिथल्या जिन्यांची कल्पना येत नाही.

खायचं काय, हा पुढचा प्रश्न ठरलेला. फारिनाता खा: हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल, मोठ्या तांब्याच्या थाळ्यात, लाकडाच्या भट्टीत भाजलेलं. आपल्या बेसनाच्या धिरड्याचं सख्खं भावंड, फक्त कडा जास्त कुरकुरीत. फोकाच्चा, म्हणजे ऑलिव्ह तेलातला चपटा पाव, सकाळी घ्या. इथली माणसं ती कापुचिनोत बुडवून खातात आणि खारट-कडू चव लागते छान. पेस्तो (बेसिलची हिरवी चटणी) पास्त्यात बटाटा आणि फरसबी घातलेली मागा. कडक शाकाहारी असाल तर त्यातल्या चीजबद्दल आधी विचारा, ते बहुधा प्राणिज रेनेटचं, म्हणजे वासराच्या पोटातून काढलेल्या विरजणाचं असतं.

कोलंबसचं घर? अठराव्या शतकात पुन्हा उभारलेलं आहे. बाहेरून बघा, शेजारची पोर्ता सोप्राना ही बाराव्या शतकातली वेस जास्त मोलाची.

आणि "आईबाबांना झेपेल का?" झेपेल, पण वाट उलटी करा. टॅक्सीने कास्तेल्लेत्तोच्या गच्चीवर जा. तिथून पाटीच्या दगडाची छपरं, बंदर, पलीकडचं लँटर्ना दीपगृह, सगळं एका नजरेत दिसतं. खाली यायला सार्वजनिक लिफ्ट आहे, बसइतकीच रोजची. ती पोर्तेल्लो चौकाशी सोडते, तिथून व्हिया गारिबाल्दी हाकेच्या अंतरावर, आणि पुढे बंदरापर्यंत उतारच उतार.