प्रीसेटला हात न लावता

मेळ्यातून आत्ताच परत आलोय. घसा बसलाय. टेबलावर पाटी होती ‘आपला मल्टिमीटर (व्होल्टेज, करंट, रेझिस्टन्स मोजायचं यंत्र) तपासून घ्या’, पण येणारा जो तो ती ‘दुरुस्त करून घ्या’ अशी वाचूनच येत होता.

सकाळी एक काका आले. साडेतीन अंकी (म्हणजे १९९९ पर्यंत आकडे दाखवणारा) जुना मीटर, लीडला, म्हणजे मोजायच्या तारेला, चिकटपट्टी. मी १० व्होल्टचा रेफरन्स, म्हणजे नेमकं माहीत असलेलं व्होल्टेज, लावला, मीटरवर आलं १०.०४. काका हिरमुसले. ‘आत प्रीसेट असतो ना, आकडा जुळवायचा बारीक स्क्रू, तो जरा फिरवा की.’ मी त्यांच्या मीटरचं माहितीपत्रक उघडून दाखवलं: अचूकता अधिक-उणे ०.५ टक्के, वर शेवटच्या स्थानाचे २ अंक. म्हणजे १० व्होल्टला ९.९३ ते १०.०७ मध्ये काहीही दाखवलं तरी मीटर शब्दाला जागलाय. पण डोळ्यांना १०.०० दिसल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही.

प्रीसेट न फिरवण्यामागे माझा आळस नाही. स्वस्त मीटरमध्ये बहुधा एकच प्रीसेट मीटरच्या आतल्या रेफरन्सवर (ज्या व्होल्टेजशी ताडून तो मोजतो त्यावर) असतो आणि त्याच्यामागे सगळ्या रेंज हलतात. २० व्होल्टची रेंज तंतोतंत केली, तर २०० व्होल्टची तिच्या डिव्हायडरच्या, म्हणजे व्होल्टेज विभागणाऱ्या, रेझिस्टरांप्रमाणे आणखी लांब जाऊ शकते. शिवाय आजवर तो किती सरकला याचा माग पुसला जातो. त्यापेक्षा चिठ्ठी बरी: रेंज, किती दिलं, किती दाखवलं, तापमान, तारीख. वर्षाने पुन्हा १०.०४ आलं, तर तो मीटर माझ्या लेखी आज ताज्या ताज्या १०.०० वर आणलेल्या मीटरपेक्षा भरवशाचा. काकांनी चिठ्ठी घडी करून मीटरच्या मागे चिकटवली, तेव्हा बरं वाटलं.

प्रीसेट फिरवायच्या आधी बॅटरी बघावी, हे तर आज कितीजणांना सांगितलं! बॅटरी उतरली की रीडिंगही उतरेल असं सगळ्यांना वाटतं. ७१०६ ही स्वस्त मीटरांतली मोजणारी चिप, तिच्या मीटरमध्ये उलट होतं. ती चिप आलेल्या व्होल्टेजला आतल्या रेफरन्सने भागते. ९ व्होल्टची बॅटरी फार खाली गेली की रेफरन्स ढासळतो आणि आकडा चढतो. एका मुलीचा मीटर दर वेळी जास्त दाखवायचा. नवी बॅटरी घातली, सुतासारखा सरळ.

रेझिस्टन्सची बाजू आज थोडक्यात आटोपली. ०.१ ओहमचा रेझिस्टर दोन लीडने मोजायचा हट्ट व्यर्थ, लीडच तेवढं किंवा त्याहून जास्त खातात. चार तारांनी (दोन करंट द्यायला, दोन व्होल्टेज मोजायला) मोजून दाखवलं, की वाद मिटतो.

दुपारी उन्हाची तिरीप थेट टेबलावर आली, म्हणून सगळं सामान आत ओढलं. माहितीपत्रकातली अचूकता साधारण २३ अंश, अधिक-उणे ५ इतक्यासाठीच असते, आणि आमचा बेंच मीटरही (टेबलावर ठेवायचा मोठा मीटर) तापून स्थिर व्हायला बराच वेळ घेतो. मेळ्यातल्या तपासणीला प्रयोगशाळेच्या दाखल्याची किंमत नाही, हे प्रत्येक चिठ्ठीवर छापलंय ते बरं केलं.

ऑसिलोस्कोप (व्होल्टेजची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) घेऊन आलेल्यांच्या हातात मात्र मी स्वतःहून पेचकस दिला. १०X प्रोबवरचा, म्हणजे सिग्नल दहा पटींनी कमी करून देणाऱ्या त्याच्या मोजायच्या तारेवरचा, तो बारीक स्क्रू वापरणाऱ्याने फिरवण्यासाठीच असतो. १ किलोहर्ट्झची चौकोनी लाट लावायची. कोपरा वर उसळत असेल किंवा गोलावत असेल, तर तो सपाट होईपर्यंत फिरवायचा. कितीतरी जणांनी प्रोब घेतल्यापासून त्याला हातच लावला नव्हता!

उद्यासाठी फ्यूज न्यायचेत. ‘करंट दाखवत नाही’ म्हणून आलेल्या बऱ्याच मीटरांत फ्यूजच उडालेला होता. लीड करंटच्या भोकात ठेवून व्होल्टेज मोजलं की तो जातोच. एकात तर फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळलेली होती. मूळ फ्यूज सिरॅमिकचा असेल तर तसाच आणि तेवढ्याच व्होल्टेजचा बसवायला हवा, तिथे काचेचा साधा चालणार नाही. म्हणून दोन्ही जातींचे वेगळे डबे भरून ठेवलेत.