धारेच्या वेळचा नॉईज

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. ७.००० ते ७.२०० मेगाहर्ट्झ, म्हणजे हॅम मंडळींचा (हौशी रेडिओवाल्यांचा) ४० मीटरचा बँड, हा आमचा सकाळचा कट्टा. कोल्हापुरात रंकाळ्याजवळच्या आमच्या गच्चीवर ताणलेल्या वायरीवर गोवा, हुबळी, पुणे आरामात मिळायचं. मग दिवाळीनंतर घरघर सुरू झाली. एरवी एस-३ वर डुलणारा, सिग्नलची ताकद दाखवणारा रेडिओचा काटा दिवसभर एस-६ वर, आणि मधेच एस-९ वर चिकटायला लागला.

पहिला संशय स्वतःच्या घरावर घ्यायचा. रेडिओ बॅटरीवर लावला, मेन एमसीबी पाडला. काटा जागचा हलला नाही. म्हटलं, चला, आपण सुटलो. दोन दिवसांनी ट्यूब पेटली: मेन पाडला की इन्व्हर्टर चालू होतो, आणि राउटर त्याच्यावरच! इन्व्हर्टरही बंद केल्यावर काटा एस-३ वर उतरला. राउटरचा अडॅप्टर बदलला, दुपार शांत झाली. मधेच येणारा एस-९ मात्र तसाच.

तेव्हा टायनी-एसए घेतला. कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल आहे ते रेघांनी दाखवणारा, शर्टाच्या खिशात मावणारा स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर. पहिल्याच दिवशी गच्चीवरची वायर त्याला जोडली आणि स्क्रीनभर रेघाच रेघा. घाबरलो. मग कळलं, आकाशवाणीच्या १०२.७ मेगाहर्ट्झच्या दणक्यानं यंत्रच गुदमरलंय, त्यातल्या निम्म्या रेघा त्याच्याच पोटात जन्मलेल्या. ओळखायची युक्ती सोपी आहे. मधे सिग्नल कमी करणारा १० डीबीचा (डीबी हे ताकदीचं माप) अ‍ॅटेन्युएटर घालायचा. खरी रेघ १० डीबीनं उतरते, खोटी २०-३० डीबीनं कोसळते. मग वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा लो पास फिल्टर लावला. (हँडसेटची ५ वॅटची पॉवर चुकूनही यात सोडू नका. १० मिलिवॅट ही याची कमाल मर्यादा. माझी पिन सॉकेटपर्यंत गेली होती.)

आता ६.५ ते ७.५ मेगाहर्ट्झ एवढाच पट्टा लावला. एस-९ आला की कंगव्याचे दात उठायचे, दर ६२ किलोहर्ट्झला एक. सुरुवातीच्या दहा मिनिटांत सगळे दात हळूहळू डावीकडं सरकायचे. म्हणजे काहीतरी तापतंय. क्रिस्टलवर चालणारी वस्तू अशी सरकत नाही, स्वस्तातला स्विचिंग सप्लाय (अडॅप्टर, एलईडी दिव्यात असतो तसला) सरकतो. एका दातावर थांबून झिरो स्पॅन लावला, म्हणजे त्या एकाच फ्रिक्वेन्सीचा वेळेनुसार चढउतार बघितला, तर दर १० मिलिसेकंदाला एक झुबका, सेकंदाला १००. ५० हर्ट्झच्या लायटीच्या लाटेच्या दोन्ही बाजू. खांबावर ठिणग्या पडत असत्या तर १०० चा ठेका मिळाला असता, पण असे दात दिसले नसते. तो आवाज सगळीकडं सपाट पसरतो.

वस्तू काय ते कळलं, पण कुठली? एका वहीत वेळा टिपल्या. पहाटे साडेचार ते साडेसहा, संध्याकाळी पाच ते सात. आठवडाभर त्या आकड्यांकडं बघत बसलो. आईनं चहा ठेवता ठेवता वहीत डोकावलं. "अरे, ह्या तर धारा काढायच्या वेळा."

गल्लीच्या टोकाला आबांचा गोठा आहे, आठ म्हशींचा. तरी खात्री हवी होती. कोॲक्स केबलची दोनेक फूट व्यासाची लूप, म्हणजे गोल अँटेना, केली. लूप फिरवताना सर्वात जास्त कुठं ते नीट कळत नाही, सर्वात कमी कुठं ते लगेच कळतं. तेव्हा लूपचा अक्ष स्रोताकडं असतो, पण पुढं की मागं ते कळत नाही, म्हणून दोन जागांवरून रेषा काढल्या. गच्चीवरून एक, चौकातून एक. छेदल्या गोठ्यावर.

पहाटे पाचला छोटी लूप घेऊन गोठ्यात शिरलो. गंमत म्हणजे तिथल्या दिव्यापेक्षा त्याच्या वायरीजवळ जास्त आवाज. घरापासून गोठ्यापर्यंत बांबूवरून ओढलेली वायर वीसेक मीटर, म्हणजे या बँडची बरोबर अर्धी वेव्हलेंथ! आबांनी नकळत मस्त अँटेना उभी केली होती. टोकाला एलईडी फ्लडलाईट.

"काय रं, म्हशीची सोनोग्राफी कराय आलास व्हय?"

"आबा, जरा दिवा बंद करा की." केला. दात गायब. चालू केला, परत आले. आबांनी मजा म्हणून चारदा केलं, तशी एक म्हैस बुजली.

वायरीचे सात वेढे फेराइटच्या (असा नॉईज अडवणाऱ्या चुंबकी पदार्थाच्या) रिंगवर घातले. एस-९ चा एस-७ झाला, त्यापुढं नाही. दिवाच बदलायला हवा होता, पण माझ्या रेडिओसाठी आबांनी पैसे का घालावेत? बोलता बोलता त्यांनीच खुंटीवरचा ट्रान्झिस्टर दाखवला. "सांगली स्टेशन धारंच्या वक्तालाच खरखरतंय. मी दोनदा सेल बदललं." सांगली १२५१ किलोहर्ट्झवर, मिडियम वेव्ह. दिवा बंद करून लावलं, तर बातम्या स्वच्छ.

त्याच संध्याकाळी आबा मला घेऊन लक्ष्मीपुरीत गेले. दुकानदारानं एकेक दिवा लावून दाखवला. आबांनी पिशवीतून ट्रान्झिस्टर काढून प्रत्येकाजवळ धरला, तीन परत सरकवले, चौथा बांधून घेतला. माझा अ‍ॅनालायझर खिशातच राहिला.